वडिलांची नौदलातली सेवा शोधताय? सुरुवात इथून करा

तुमचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या बचाव विमानांवर होते ना? मग आधी सेंट लुइसच्या राष्ट्रीय कार्मिक अभिलेख केंद्राकडे फॉर्म १८० भरून त्यांची सेवानोंद मागवा. त्या केंद्रात १९७३ साली लागलेल्या आगीचं ऐकून धीर सोडू नका; तिच्यात जळाल्या त्या लष्कराच्या आणि हवाई दलाच्या फायली, नौदलाच्या नव्हेत.

नोंद आली की आधी दोनच गोष्टी बघा:
- स्क्वाड्रनचा, म्हणजे विमानांच्या तुकडीचा, क्रमांक. त्यात 'व्हीएच' (VH) असेल तर ते बचाव स्क्वाड्रन. पाण्यावर उतरणाऱ्या 'कॅटालिना' विमानाच्या नुसत्या फोटोवरून मात्र काही ठरवू नका, नवखे हमखास इथेच चुकतात. ती विमानं गस्तीवरही असत.
- तिथे रुजू झाल्याच्या आणि सुटल्याच्या तारखा.

मग अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या स्क्वाड्रनची युद्धदैनंदिनी शोधा. पदकं, विमानांचे अनुक्रमांक सध्या राहू द्या. घरातली पत्रं मात्र आजच स्कॅन करा, फोटोंच्या मागच्या बाजूसकट.