सांगलीत बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. फिटच्या औषधांवर संशोधन करायचं तर एमबीबीएसच लागतं का?

नाही, एमबीबीएस लागत नाही. जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो या विषयात, एम.फार्म. आणि पुढे पीएच.डी., हा रस्ता तुम्हाला खुला आहे. मी हाच विषय शिकवतो, म्हणून सांगतो. सुरुवातीचं काम प्राण्यांवरच चालतं: उंदराला औषध देऊन 0.2 सेकंदांचा विजेचा झटका द्यायचा आणि मागचे पाय ताठ होतात का, हे पाहायचं. पाय ताठ झाले नाहीत, तर औषधात दम आहे. मात्र एवढ्यावर विसंबू नका. लेव्हेटिरासिटाम हे फिटचं औषध झटक्याच्या या नेहमीच्या चाचणीत जवळजवळ नापासच झालं होतं. वारंवार उत्तेजन देऊन मेंदू फिटप्रवण केलेल्या प्राण्यांत मात्र ते चाललं. ते मेंदूतल्या एसव्ही2ए या प्रथिनाला चिकटतं, हे 2004 मध्ये कळलं, म्हणजे औषध बाजारात आल्यानंतर. आजही जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या फिट्स गोळ्यांनी पूर्ण थांबत नाहीत, त्यामुळे या कामाला माणसं हवीच आहेत. एक अट लक्षात ठेवा: रुग्णांवरच्या चाचण्यांत उपचाराचा निर्णय डॉक्टरच घेतात. तिथे काम करायचं असेल, तर मिरजेत किंवा पुण्यात न्यूरॉलॉजिस्टसोबत जोडून घ्यावं लागेल. कॉलेज निवडताना तिथे प्राणिगृह आणि प्राणी-प्रयोगांची नैतिक समिती आहे का, हे आधी विचारा.