टी, मार्कर, डिव्हट टूल: खिशात की कमरेला?

तुमचा प्रश्न असा: गोल्फ शिकायला लागून तीन महिने झाले, टी (बॉल टेकवायची खुंटी) आणि मार्कर (उचललेल्या बॉलच्या जागी ठेवायची चकती) यांच्यासाठी दर वेळी सगळे खिसे चाचपावे लागतात. सोबत खेळणाऱ्या एकाच्या कमरेला हे सगळं अडकवलेला छोटा होल्डर दिसला. तो घ्यावा का, नियमात बसतो का आणि स्विंगच्या आड येतो का?

नियमांची काहीच आडकाठी नाही, तेवढं मनातून काढून टाका. बाकीच्या दोन प्रश्नांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण यात मी एकदा चांगलीच फसले आहे.

मी पहिल्यांदा घेतला तो होल्डर नव्हताच, कमरेला बांधायचं कपाट होतं. दोन बॉलची जाळी, सहा टींच्या खाचा, ब्रश, पेन्सिल, टॉवेलची कडी, मार्करचं चुंबक. नव्याची नवलाई दोन राउंड टिकली. चालताना खुळखुळ, वाकलं की पोटात टोचणार, आणि वजन सगळं एका कुशीवर, त्यामुळे दर होलला पँट वर ओढायची. एकट्या बॉलचं ओझं होत नाही, नियमानेच तो 45.93 ग्रॅमपेक्षा जड असू शकत नाही. पण दोन बॉल, धातूचं टूल आणि ब्रश एकाच बाजूला लटकवून 18 होल चालून बघा. तिसऱ्या राउंडला मी ते प्रकरण बॅगेत टाकलं, ते आजही तिथेच आहे.

चूक वस्तूची नव्हती, माझी होती. 'यात काय काय मावतं' हे बघून मी ती घेतली. बघायचं होतं ते एवढंच, की बॅग माझ्यापासून लांब कधी असते? फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) ती शेजारी असते, रफमध्ये (कडेच्या वाढलेल्या गवतात) शेजारी असते. लांब राहते ती दोनच ठिकाणी. टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागेवर, कारण तिथे बॅग आपण कडेला ठेवतो. आणि ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक गवतावर, कारण तिथे बॅग न्यायचीच नसते, पटर (बॉल हळू ढकलायचा क्लब) घेऊन जायचं असतं. या दोन जागी जे लागतं तेवढंच कमरेला. म्हणजे दोन-तीन टी, एक मार्कर, एक डिव्हट टूल (ग्रीनवरचे खड्डे नीट करायचा काटा). संपलं. पेन्सिल आणि स्कोअरकार्ड बॅगेत, क्लबच्या तोंडावरच्या खाचा (ग्रूव्ह) साफ करायचा ब्रश बॅगेलाच टांगलेला. अंतर मोजायचं यंत्र कमरेला बाळगणारेही पाहिले आहेत, पण ते तुम्ही शॉटच्या आधी वापरता आणि तेव्हा बॅग हाताशीच असते.

जास्तीचा बॉल मात्र अंगावर हवा, होल्डरमध्ये नको, खिशात. बॉलचा व्यास कमीत कमी 42.67 मिलिमीटर असतो, त्यामुळे कुठल्याही होल्डरमध्ये घातला तरी तो गळवासारखा बाहेर येतो. पण बॉल झाडीत गेला की प्रोव्हिजनल, म्हणजे पहिला सापडला नाही तर धरायचा दुसरा बॉल, मारावा लागतो, आणि 2019 पासून बॉल शोधायला 5 ऐवजी 3 मिनिटंच मिळतात. तेव्हा बॅगेकडे धावण्यापेक्षा खिशात हात घातलेला बरा. त्या दुसऱ्या बॉलवर वेगळी खूण आधीच करून ठेवा. झाडीत एकाच छापाचे दोन बॉल सापडले की आपला पहिला कोणता, यावरून चांगल्या माणसांचीही पंचाईत होते.

होल्डरचा खरा फायदा कळतो तो ग्रीनवर. जात्यावर बसल्यावर ओवी सुचते म्हणतात, तसा ग्रीनवर पोचल्यावर मार्कर आठवतो. शोधूनही सापडला नाही की माणूस जवळची काडी किंवा पान ठेवून बॉल उचलायला जातो. तसं करू नका. मार्कर कृत्रिम वस्तूच हवी, म्हणजे नाणं, टी किंवा मार्कर म्हणून बनवलेली चकती. निसर्गातली वस्तू ठेवून बॉल उचललात तर एक पेनल्टी स्ट्रोक, म्हणजे दंडाचा एक जादा फटका. खूण न करताच उचललात तरी एक.

आणखी एक चूक सगळ्यांच्या हातून एकदा तरी होतेच. बॉल परत ठेवायचा, मार्कर तसाच मागे राहतो आणि आपण पट मारून मोकळे. त्याचाही एक स्ट्रोक पडतो. चुंबकाच्या होल्डरचा मला सगळ्यात मोठा उपयोग झाला तो इथे, आणि घेताना हे डोक्यातही नव्हतं. कमरेवरची मार्करची जागा रिकामी असेल तर मार्कर अजून जमिनीवर आहे. पटरवर हात ठेवण्याआधी अंगठा एकदा त्या जागेवरून फिरवायचा, इतकंच. हे खिशात होत नाही, कारण खिशात तीन मार्कर असतात आणि चौथा बाहेर आहे हे कोण लक्षात ठेवणार?

डिव्हट टूलचं नाव जरा फसवं आहे. डिव्हट म्हणजे फेअरवेवर क्लबने उपटलेलं गवताचं ढेकूळ, आणि त्याच्याशी या टूलचा संबंध नाही. हे ग्रीनवर बॉल आदळून पडलेल्या खड्ड्यासाठी. हाताशी असलं की माणूस खड्डा नीट करतो, बॅगेत असलं की 'पुढच्या वेळी' म्हणतो, हा माझा स्वतःबद्दलचाच अनुभव. करायची पद्धत मात्र शिकून घ्या. काटे खड्ड्याच्या कडेला टोचून माती मध्याकडे ढकलायची, चारी बाजूंनी, आणि मग पटरने थोपटायचं. खालून उचकटून वर काढायचं नाही, त्याने मुळं तुटतात आणि ती जागा पिवळी पडते. 2019 पासून बुटांच्या खुणासुद्धा पट मारण्याआधी सपाट करता येतात, फक्त उगाच वेळ काढायचा नाही. टूल विकत घेताना काटे झाकले जातात ना ते बघा. उघड्या काट्यांचं टूल कमरेला लावून कार्टमध्ये बसण्याचं धाडस करू नका.

आता स्विंग. तुम्ही उजव्या हाताने खेळता असं धरते (डावखुरे असाल तर सगळं उलटं वाचा). डाउनस्विंगमध्ये, म्हणजे क्लब वरून खाली आणताना, उजवं कोपर उजव्या कुशीच्या पुढच्या भागाला अगदी घासून खाली येतं. तिथे होल्डर असेल तर कोपर त्याला लागेल, किंवा लागेल या भीतीने तुम्ही ते नकळत बाहेर न्याल. दुसरं जास्त वाईट, कारण ते कळत नाही. आपण महिनाभर स्विंगला दोष देत बसतो. बकलच्या शेजारीही नको, पट मारायला वाकलात की पोटात रुततं. माझी जागा ठरली ती डाव्या कुशीवर, पँटच्या बाजूच्या शिवणीच्या किंचित मागे. डावा हात सहज पोचतो आणि उजवा पटरसाठी मोकळा राहतो.

बॅग खांद्यावर घेऊन चालत असाल तर आणखी एक अडचण आहे. दोन पट्ट्यांची बॅग कमरेच्या मागच्या बाजूला टेकते, आणि होल्डर तिथे असला तर पावलागणिक आपटत राहतो. म्हणून मी 'किंचित मागे' म्हटलं, पाठीवर नव्हे. ट्रॉली ढकलणाऱ्यांना हा त्रास नाही. कार्टने जाणाऱ्यांनी बसून बघावं. आणि कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस) सोबत असेल तर हा सगळा प्रश्नच मिटला, टी आणि ओला टॉवेल त्याच्याकडेच असतो.

क्लिप की बेल्ट ओवायचा प्रकार? बेल्ट वापरत असाल तर ओवायचा, तो जागचा हलत नाही. नुसती स्प्रिंगची क्लिप बॅग उतरवताना पट्ट्यात अडकून निसटते. माझी एक अशीच कुठेतरी गवतात आहे. पण बायकांच्या स्कर्टला आणि इलॅस्टिकच्या पँटला बेल्ट नसतो आणि खिसेही नावापुरतेच, तिथे क्लिपशिवाय इलाज नाही. मग ती हलकी घ्या आणि तिच्यात टी आणि मार्करपलीकडे काही घालू नका. खरं तर अशा कपड्यांमध्येच होल्डरची सगळ्यात जास्त गरज असते. दोन मोठे खिसे असलेली पँट घालणाऱ्याचं एका चुंबकी मार्करवरही भागेल.

चुंबक मध्यम ताकदीचं हवं. उडी मारली तर मार्कर पडू नये आणि एका बोटाने तो सरकवता यावा. होल्डरसोबत आलेला मार्कर हरवला तर कुठलंही नाणं चिकटेल असं समजू नका, पितळी आणि ॲल्युमिनियमची चिकटत नाहीत. पेसमेकर असलेल्यांनी चुंबक छातीपासून निदान 15 सेंटिमीटर लांब ठेवायचं असतं. कमरेला ते आपोआप जमतं, शर्टाच्या खिशाला अडकवायचे चुंबकी मार्कर मात्र त्यांनी टाळावेत.

टींच्या खाचा रबरी असाव्यात, इलॅस्टिकच्या पट्टीच्या नकोत. पट्टी काही दिवसांत सैल पडते आणि टी एकेक करून गळायला लागतात. लांबीचंही बघा: नियमाने टी 4 इंचांपर्यंत चालते, ड्रायव्हरसाठी (सगळ्यात लांब फटक्याच्या क्लबसाठी) बरेच जण पावणेतीन ते सव्वातीन इंचांची वापरतात, आणि आखूड होल्डरमधून तिचं टोक खाली डोकावतं. उकिडवं बसलात की ते मांडीला सांगतं. (एकेकाळी टी नव्हतीच. पहिला फटका मारायच्या जागेवर ओल्या वाळूची पेटी असायची आणि चिमूटभर वाळूचा ढीग करून त्यावर बॉल ठेवायचे. बोस्टनचे दंतवैद्य जॉर्ज ग्रँट यांनी 1899 मध्ये लाकडी टीचं पेटंट घेतलं. त्याआधी बिचाऱ्यांचे खिसे रिकामे, पण हात मातीने भरलेले.)

तेव्हा घ्या, पण छोटा घ्या. लगेच कोर्सवर नेऊ नका. आधी सरावाच्या रेंजवर तो लावून पन्नासेक बॉल मारा, जागा दोन-तीनदा बदला, आणि कोपराला त्याची जाणीव होईनाशी झाली की तीच जागा कायम करा. घरी आल्यावर पँटवरून काढून बॅगेला लावायची सवय ठेवा. माझा एकदा वॉशिंग मशीनमधून फिरून आला. चुंबक शाबूत होतं, मार्करचा रंग मात्र पांढऱ्या शर्टावर गेला.