एएमसीतून (आर्मी मेडिकल कोअर) मुदतपूर्व निवृत्ती घेऊन इंग्लंडला यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एएफएमसीतून (पुण्याचं सैनिकी वैद्यकीय महाविद्यालय) एमबीबीएस, तिथूनच एमडी मेडिसिन, 21 वर्षं सेवा, सध्या लेफ्टनंट कर्नल आणि क्लासिफाइड स्पेशालिस्ट (सैन्यातला तज्ज्ञ डॉक्टरचा दर्जा). पीएमआर (मुदतपूर्व निवृत्ती) घेऊन कुटुंबासह एनएचएसमध्ये (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) यायचं आहे. सेवा धरतात का, आणि सुरुवात कुठून करायची?

सेवा धरतात, रँक धरत नाहीत. 'क्लासिफाइड स्पेशालिस्ट' म्हणजे काय हे इथल्या निवड समितीला ठाऊक नसतं, एसईएमओ आणि एडीएमएस ही सैन्यातली वैद्यकीय पदं तर त्यांच्यासाठी नुसतीच अक्षरं. सीव्हीत हुद्दा एका ओळीत उरका आणि खाली काम लिहा: किती खाटांचा वॉर्ड, आठवड्याला किती ओपीडी, आयसीयूत कोणत्या प्रोसिजर स्वतः करता, किती रेसिडेंट हाताखाली. रेफरन्स किमान मागच्या 3 वर्षांचे मागतात. या 3 वर्षांत तुम्ही फायलींवर सह्या करत असाल, तर त्याआधीची 18 वर्षं फारशी कामी येत नाहीत. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: प्रशासकीय नेमणूक स्वीकारून मग निघू, हा बेत सोडा. निघायचं तर वॉर्डातूनच निघा.

नोंदणी जीएमसीची (जनरल मेडिकल कौन्सिल, म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टरांची नोंदणी करणारी संस्था). भारतीय एमडीवर ती थेट मिळत नाही. एक वाट प्लॅबची, म्हणजे परदेशी डॉक्टरांसाठी जीएमसीच्या परीक्षेची: पहिला भाग 180 प्रश्न 3 तासांत, दुसरा भाग फक्त मँचेस्टरला. पण प्लॅब उत्तीर्ण झालेल्यांची इथे एवढी गर्दी आहे की कनिष्ठ पदाच्या एकेका जागेला शेकडो अर्ज पडतात, आणि तुमच्या वयाला ते पद शोभतही नाही. तुम्ही फिजिशियन आहात, तर एमआरसीपी (फिजिशियनांची ब्रिटिश पदव्युत्तर परीक्षा) करा. ती पूर्ण झाली की प्लॅब लागत नाही. दोन लेखी परीक्षा आणि मग पेसेस, म्हणजे रुग्णांसमोर 20 मिनिटांची 5 स्टेशनं. पेसेसची केंद्रं भारतातही असतात. यात फायदा असा की परीक्षेसाठी एक्स-इंडिया लीव्हच्या (परदेशी जाण्याच्या रजेच्या) मागे लागावं लागत नाही. प्लॅबचा दुसरा भाग द्यायचाच झाला तर आधी रजा मंजूर करून घ्या, मग तारीख घ्या. उलट केलं की फी बुडते.

पेसेसमध्ये फौजी डॉक्टर क्लिनिकल साइन्सवर सहसा अडकत नाहीत, बोलण्यावर अडकतात. जवानाला 'हे घे, दोन आठवड्यांनी ये' म्हटलं की तो 'ठीक है सर' म्हणतो. इथे रुग्णाला काय वाटतं, कशाची भीती आहे, हे आधी विचारायचं, आणि त्याने उपचार नाकारला तर तोही मान्य करायचा. दुसरी सवय गोपनीयतेची. तिकडे लो मेडिकल कॅटेगरी (आजारामुळे कमी केलेला तंदुरुस्तीचा दर्जा) लागली की ती युनिटला कळणारच. इथे रुग्ण जिथे नोकरी करतो तिथल्या मालकाला रुग्णाच्या संमतीशिवाय एक शब्द सांगितलात तर तक्रार थेट जीएमसीकडे जाऊ शकते. नर्स तुम्हाला पहिल्या नावाने हाक मारेल, तो अपमान नव्हे.

इंग्रजीसाठी आयएल्ट्स अॅकॅडमिक: एकूण 7.5 आणि चारही भागांत किमान 7, एकाच बैठकीत. लेखनात 6.5 पडून परत बसणारे पुष्कळ. ओईटीत (आरोग्य व्यावसायिकांची इंग्रजीची परीक्षा) चारही भागांत बी ग्रेड चालते, आणि त्यातलं पत्रलेखन डॉक्टरांना सोपं जातं.

कागदपत्रांत दोन ठिकाणी गाडी अडते. एक, नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर क्रम वेगळा, सर्व्हिस रेकॉर्डमध्ये तिसराच. एपिक या ऑनलाइन सेवेवर पदवीची पडताळणी सुरू करण्याआधी सगळीकडची स्पेलिंगं जुळवा. दोन, गुड स्टँडिंग, म्हणजे तुमची नोंदणी चालू आणि निष्कलंक असल्याचा कौन्सिलचा दाखला. सैन्यात असताना महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीकडे कुणी बघत नाही, आणि दर 5 वर्षांचं नूतनीकरण राहून जातं. त्याला 30 क्रेडिट पॉइंट लागतात, ते आजपासून गोळा करा. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट जीएमसीला 3 महिन्यांपर्यंतचंच चालतं, तेव्हा ते सगळ्यात शेवटी काढा.

इथे कायम कन्सल्टंट (सर्वात वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) व्हायला जीएमसीच्या स्पेशालिस्ट रजिस्टरवर नाव लागतं. लोकमला (तात्पुरत्या नेमणुकीला) लागत नाही. तुमच्यासाठी वाट पोर्टफोलिओची (30 नोव्हेंबर 2023 पर्यंत हिला सीईएसआर म्हणत). केसेस, ऑडिट, शिकवणं, सहकाऱ्यांचे अभिप्राय, सगळं प्रामुख्याने अलीकडच्या वर्षांतलं आणि पडताळलेलं हवं. पडताळणी करणारे वरिष्ठ दर दोन-तीन वर्षांनी बदलून जातात, निवृत्त होतात. म्हणून सही-शिक्का त्याच महिन्यात घ्या. रुग्णाचं नाव, नंबर, युनिट खोडा. फील्डमधल्या केसेस, ठिकाणं, जखमींची संख्या यातलं काहीही घालू नका. कमांड हॉस्पिटलचा वॉर्ड पुरेसा आहे, आणि तोही कमांडंटच्या लेखी परवानगीनेच.

पेन्शन: मुदतपूर्व निवृत्तीला 20 वर्षांची अर्हताकारी सेवा लागते. तुमची झाली आहे, पण रिलीज ऑर्डर हाती येईपर्यंत इथली रुजू तारीख पक्की करू नका. निवृत्तीनंतर वर्षभरात व्यावसायिक नोकरी आणि परदेशी सरकारची नोकरी, या दोन्हींवर परवानगीचे नियम आहेत. तुमच्या प्रकरणात काय लागू होतं ते लेखी विचारून घ्या. बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करा, स्पर्श या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलवर खाते क्रमांक बदला, आणि हयातीचा दाखला दरवर्षी. तो चुकला की पेन्शन थांबते. सरकारी पेन्शनवरचा कर भारत-ब्रिटन करारानुसार भारतातच लागतो. पुढे ब्रिटिश नागरिकत्व घेऊन इथेच राहिलात तर मात्र तो इथे लागतो, तेव्हा नागरिकत्वाच्या अर्जाआधी सीएला गाठा.