डावखुरे असे कितीसे असणार?

प्रश्न : मी दोन वर्षांपासून क्रोशाचे ऑनलाइन वर्ग घेते. जाहिरातीत ‘सर्वांसाठी क्रोशा, वय ८ ते ८०’ असं लिहिते. रील्स भरपूर बघितल्या जातात, पण फी भरून येणारे मोजकेच. एकदा सहज डावखुऱ्यांसाठी एक व्हिडिओ टाकला होता, त्याबद्दल मात्र लोक अजून विचारत असतात. मुलगी म्हणते, तेवढंच धर. पण डावखुरे असे कितीसे असणार? आणि बाकीचे हातचे गेले तर?

उत्तर : ताई, पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे. ‘लोक अजून विचारत असतात.’ तो व्हिडिओ तुम्ही विसरलात तरी ते विसरले नाहीत.

आधी संख्येचं बघू. जगात दहा माणसांमागे साधारण एक डावखुरा. तुमच्या एका बॅचमध्ये वीस जण धरले आणि वर्षात बारा बॅच घेतल्या, तरी तुम्हाला २४० माणसं लागतात. तेव्हा गट लहान पडेल ही काळजी सोडा. बघायचं ते एवढंच, की त्यांची अडचण त्यांना इतकी टोचते का, की ते उत्तर शोधायला आपणहून निघतात?

डावखुऱ्यांना ती टोचते. उजव्या हाताचं क्रोशाकाम उजवीकडून डावीकडे सरकतं, त्यांचं डावीकडून उजवीकडे. साधा व्हिडिओ बघताना त्यांना प्रत्येक टाका मनातल्या मनात उलटा करावा लागतो. काही जण व्हिडिओच डावं-उजवं उलटवून देतात, पण मग पडद्यावरची अक्षरंही उलटी होतात. लिहिलेली कृती तशीच पाळली तर नक्षीतलं नाव आरशात पाहिल्यासारखं उमटतं. अशी बाई ‘क्रोशा शिका’ असं शोधत नाही. ती ‘डाव्या हाताने साखळी कशी घालायची’ असं टाइप करते. नेमकं तेच वाक्य तुमच्या जाहिरातीत दिसलं, तर तिचा अंगठा थांबणारच.

हे मी अनुभवाने सांगते. सुरुवातीला मी ‘सर्वांसाठी मोबाइल फोटोग्राफी’ शिकवत होते. एक विद्यार्थिनी दर वेळी एकच विचारायची : चांदीच्या अंगठीत माझाच चेहरा दिसतो, काय करू? मी तिला ‘नंतर बघू’ म्हणून पुढच्या धड्याकडे जायचे. याची मला आजही खंत वाटते. शेवटी एकदा दोघींनी बसून अंगठीभोवती चारी बाजूंनी पांढरा कागद उभा केला, लेन्सपुरतं भोक पाडलं आणि दिवा कागदाच्या बाहेरून लावला. चेहरा गेला, अंगठी स्वच्छ आली. त्यानंतर मी फक्त चकाकणाऱ्या वस्तूंचे फोटो शिकवायला लागले. जाहिरातीवरचा खर्च तेवढाच राहिला, पण चौकशीला येणारी माणसं बदलली. वस्तू घरी तयार असायची, फोटो अडलेला असायचा, आणि फी विचारायच्या आधी ती तारीख विचारायची.

आता एक चूक टाळा, कारण ती पुष्कळ जण करतात. गट शब्दांत बारीक करा, फेसबुक-इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये फार बारीक करू नका. तिथे वय, आवडी, भाषा असं सगळं लावत गेलात की माणसं इतकी कमी उरतात की त्याच त्या लोकांना तीच जाहिरात पुन्हा पुन्हा दिसते. शिवाय एका जाहिरातसंचाला (एकाच सेटिंगखाली चालणाऱ्या जाहिरातींच्या गटाला) आठवड्यात साधारण ५० नोंदण्या किंवा चौकशा मिळाल्या तरच ती यंत्रणा नीट बसते, असं त्यांची मालक कंपनी मेटाच सांगते. तेव्हा तिथे घेर मोठा ठेवा, ‘डावखुऱ्या आहात?’ हे पहिले शब्दच चाळणीचं काम करतात. गुगल सर्चवर मात्र उलट. तिथे शोधणाऱ्याचे नेमके शब्द धरा आणि ‘फुकट’सारखे शब्द वगळायच्या यादीत टाका.

बाकीचे जातील ही भीती मला समजते, पण सुरुवात अरुंद केली म्हणून पुढे दार बंद होत नाही. २००४ साली सुरू झालं तेव्हा फेसबुक फक्त हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी होतं. सगळ्यांसाठी ते खुलं झालं २००६ मध्ये. तुमचे नेहमीचे वर्ग चालू राहू देत. बदलायची ती जाहिरात, आणि ती दाबल्यावर उघडणारं पान.

महिनाभर जुनी आणि नवी, दोन्ही जाहिराती सारख्याच पैशांत चालवा आणि फक्त फी भरणारे मोजा. किती जणांनी बघितलं, याकडे ढुंकूनही पाहू नका. त्याआधी, त्या व्हिडिओबद्दल विचारणाऱ्यांपैकी तिघींशी फोनवर बोला. कुठे अडतं, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, व्याकरणसुद्धा सुधारू नका. जाहिरातीची पहिली ओळ त्यातच सापडेल.

तुम्ही स्वतः डावखुऱ्या आहात का, ते पत्रात नाही. असाल तर कॅमेरा खांद्यावरून लावा, म्हणजे शिकणारीला तुमचे हात तिच्या हातांसारखेच दिसतील. नसाल, तर जुन्या विद्यार्थिनींतली एखादी डावखुरी शोधा, पडद्यावर तिचे हात येऊ देत, समजावणारा आवाज तुमचा राहू दे, आणि तिला त्याचं मानधन द्या.