एकच फोन असलेल्या वर्गासाठी

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांनी आधी मोबाइलवरचा शैक्षणिक खेळ निवडू नये, तर मुले नेमकी कोठे अडखळतात ते पाहावे. चौथीत अपूर्णांक अडत असतील, तर खेळही अपूर्णांकांचाच हवा. प्रत्येक मुलाला टॅब मिळेपर्यंत थांबण्याची गरज नाही. प्लिकर्स या प्रश्नोत्तरांच्या ॲपमध्ये मुलांच्या हाती केवळ छापील कार्डे असतात. कार्डाची कोणती बाजू वर धरली यावरून उत्तर ठरते आणि शिक्षकाने फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की प्रत्येकाचे उत्तर लगेच कळते. प्रत्येक कार्डावरील आकृती निराळी असल्यामुळे शेजाऱ्याचे पाहून उत्तर देणे कठीण जाते आणि एरवी गप्प बसणारे मूलही निर्भयपणे कार्ड उचलते; माझ्या मते हाच या साधनाचा सर्वांत मोठा गुण आहे. मात्र उत्तरे चुकलेली दिसताच पुढच्या प्रश्नाकडे धावू नका. ज्यांनी १/३ पेक्षा १/४ मोठा मानला, त्यांना कागदाच्या पट्ट्या दुमडून स्वतः ताडून पाहू द्या, मग त्यासाठी अर्धा तास गेला तरी चालेल. बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोडवरून दीक्षा ॲपवर मिळणारे व्हिडिओ आदल्या दिवशीच डाउनलोड करून ठेवा. गुणांची क्रमवारी मात्र वर्गासमोर दाखवू नका. शेवटी राहिलेली मुले खेळालाच घाबरू लागतात.