डिस्क चांगली, अडलंय बोर्डापाशी

प्रश्न : गिरगावात आमचं लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं छापायचं छोटं दुकान आहे. २००४ सालच्या पेंटियम-४ वर विंडोज एक्सपी आणि पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर) चालतं. जुने फॉन्ट, जुनी कामं सगळी त्यातच. त्याची ८० जीबीची आयडीई (रुंद पट्टीच्या वायरची जुनी जोडणी) डिस्क भरली आणि हल्ली टकटक करते. मुलाने एक टीबीची साटा (बारीक वायरची नवी जोडणी) डिस्क आणली. मदरबोर्डावर साटाचे दोन सॉकेट आहेत, पण डिस्क बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगच्या पडद्यावर) दिसतच नाही. मुलाच्या कॉम्प्युटरवर मात्र चालते. दुकानदार म्हणतो, हे धूड भंगारात द्या. काय करू?

उत्तर : भंगारवाल्याला थांबवा. आणि त्याआधी, आजच, टकटकणाऱ्या डिस्कवरची कामं आणि फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. तो आवाज आला की डिस्कचा भरवसा धरू नये.

आता बोर्ड. त्यावरच्या मोठ्या चिपा टॉर्च मारून वाचा. व्हीआयए कंपनीची व्हीटी८२३७ किंवा व्हीटी८२३७आर सापडली तर चोर सापडला. पहिल्या पिढीचं साटा सेकंदाला दीड गिगाबिटचं. नंतरच्या डिस्का जास्त वेगाने सुरुवात करतात आणि समोरचा जुना असेल तर खाली उतरतात. या चिपांना ती बोलणीच जमत नाही, म्हणून डिस्क दिसत नाही.

काही डिस्कांवर साटाच्या सॉकेटशेजारी उघड्या पिना असतात. ठरलेल्या दोन पिनांवर जम्पर चढवला की डिस्क दीड गिगाबिटवरच चालते. कोणत्या दोन, ते स्टिकरवर किंवा कंपनीच्या पत्रकात बघा. अंदाजाने लावू नका. जम्पर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी टोपी, पण तिच्यातही दोन मापं आहेत. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाताना डिस्क बरोबर न्या. पिनाच नसतील तर बोर्डावरच्या पीसीआय स्लॉटमध्ये (जादा कार्डं बसवायच्या खाचेत) बसणारं साटा कार्ड घ्या, एक्सपीचा ड्रायव्हर मिळतोय ना विचारूनच.

डिस्क दिसली म्हणून लगेच कामं ओतू नका. एक्सपीला सर्व्हिस पॅक १ (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) किंवा पुढचा हवा. त्याशिवाय त्याला १३७ जीबीच्या पुढचं कळत नाही, आणि दुसरीकडे मोठं पार्टिशन (डिस्कवर आखलेला भाग) करून आणलेलं असेल तर डेटाची वाट लागते. पार्टिशन मात्र मुलाच्या विंडोज ७ किंवा त्यानंतरच्या मशीनवरच करा, एमबीआर प्रकारचं (आखणीची जुनी पद्धत), एनटीएफएसमध्ये (विंडोजची फायली ठेवायची पद्धत). एक्सपी पार्टिशनची सुरुवात ६३व्या सेक्टरला (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) करतो, नव्या डिस्कांचे सेक्टर आतून ४ केबीचे; मग मेळ बसत नाही आणि लिहिणं रेंगाळतं. जीपीटी (आखणीची नवी पद्धत) केलंत तर तुमचा ३२ बिटचा एक्सपी वाचणारच नाही.

जुन्या एसएमपीएसला (वीज पुरवणाऱ्या डब्याला) साटाची पिन नसेल तर चार पिनांवरून साटा करणारा अडॅप्टर लागेल. प्लॅस्टिक ओतून बंद केलेला स्वस्तातला नको. त्यात तारा आतल्या आत चिकटून जळाल्याच्या तक्रारी आहेत. तारा एकेक दाबून बसवलेल्या दिसतात तो मागा.