पहिला महागडा फोन घेण्यापूर्वी

पहिल्यांदाच एवढा महाग फोन घेत आहात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. २०१७ मध्ये आयफोन टेन भारतात ८९,००० रुपयांपासून मिळत होता, तर २०२३ मध्ये आयफोन १५ प्रो मॅक्सची किंमतच १,५९,९०० रुपयांपासून सुरू झाली. अधिक प्रगत चिप, कॅमेऱ्यांचे मोठे सेन्सर, डॉलरपुढे घसरलेला रुपया आणि एप्रिल २०२० पासून १२ वरून १८ टक्के झालेला जीएसटी, या साऱ्यांचा भार शेवटी आपल्यावरच येतो.

त्यामुळे बरेच जण हप्त्यांकडे वळतात. ‘नो कॉस्ट ईएमआय’मध्ये, म्हणजे बिनव्याजी म्हणवल्या जाणाऱ्या मासिक हप्त्यांत, व्याजाइतकी सूट आधीच दिली जात असली, तरी बँक व्याज आकारतेच आणि त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, बहुधा प्रक्रिया शुल्कासह, तुमच्याच कार्डावर पडतो, म्हणून रोखीची किंमत आधी विचारा.

माझ्या मते मागच्या वर्षीचे मॉडेल घेणेच शहाणपणाचे. सॅमसंगने गॅलॅक्सी एस २४ पासून सात वर्षांच्या सॉफ्टवेअर अपडेटची हमी दिली आहे, त्यामुळे वर्षभर उशिरा घेतले तरी सहा वर्षे हातात राहतात. बॅटरी मात्र तेवढी साथ देत नाही. ती बदलण्याचा खर्च अधिकृत सेवा केंद्रात आत्ताच विचारून ठेवा.